सुगंधी तेले : ओळख, वापर आणि लागवडीपूर्वीचा हिशेब

अहिल्यानगर शहराला लागून असलेल्या भिंगार येथील घरोघरी सुगंधी तेलांचा वापर नकळत चालूच असतो. सकाळच्या चहात गवती चहाची पात पडते, सर्दी झाली म्हणजे निलगिरीच्या तेलाची बाटली निघते, दाढ दुखू लागली की लवंगेची आठवण होते, आणि देवापुढे कापूर जळतो. या सर्व पदार्थांचा गुण ज्या द्रव्यात साठलेला असतो, ते द्रव्य म्हणजेच सुगंधी तेल अथवा त्याचाच घनरूप अंश होय. अलीकडे या तेलांच्या लहान बाटल्या औषधांच्या दुकानांतून सहज मिळतात, आणि सुगंधी गवताची लागवड करावी असेही शेतकऱ्यांच्या कानी पडते. तेव्हा ही तेले कशी निघतात, घरात ती कशी वापरावी आणि शेतात त्यांचे पीक घेणे कोणास परवडेल, याची मुळापासून ओळख करून घेणे हिताचे आहे.

सुगंधी तेल म्हणजे काय?

करडई, भुईमूग किंवा तीळ यांचे तेल घाण्यात गाळतात. ते उडून जात नाही व कागदावर त्याचा डाग कायम राहतो. सुगंधी तेल हे याहून निराळे आहे. ते वनस्पतीच्या पानांत, फुलांत, सालीत, बियांत किंवा मुळांत सूक्ष्म पेशींतून व ग्रंथींतून साठलेले असते आणि हवेत उडून जाते. म्हणूनच त्याचा वास दूरवर येतो. दोहोंना तेल म्हणत असले तरी सुगंधी तेल हे खाद्यतेल नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी धरावी.

हे तेल बहुधा वाफेच्या साह्याने काढतात. बंद भांड्यात पाला भरून त्यातून वाफ सोडली असता वाफेबरोबर तेलाचे कणही वर येतात. ही वाफ थंड पाण्यातून नेलेल्या नळीत निवविली म्हणजे पाणी व तेल एकत्र खाली उतरते. तेल पाण्यात फारसे विरघळत नाही आणि बहुतेक तेले पाण्याहून हलकी असल्याने ती वर तरंगतात. गवती चहाच्या तेलातील मुख्य द्रव्य सिट्रल हे 220 अंश सेल्सियसहून अधिक उष्णतेवर उकळणारे आहे. असे असूनही पाण्याच्या वाफेच्या संगतीने ते 100 अंशांच्या आतच वर चढते. पाला न जळता तेल मिळते ते याच कारणाने.

प्रमाण मात्र अल्प असते. 100 किलो ताज्या गवती चहापासून साधारणपणे अर्धा किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी तेल निघते. गुलाबाचे 1 किलो तेल मिळण्यास तर 3 ते 5 हजार किलो फुले लागतात. लहानशा बाटलीत किती पाला अथवा किती फुले आटून बसलेली असतात हे यावरून समजते. त्या तेलाचा एक थेंबही जपून का वापरावयाचा, याचेही उत्तर येथेच आहे.

खानदेशाचा रोशा

महाराष्ट्राला हा उद्योग नवा नाही. खानदेशातील डोंगरउतारांवर आपोआप वाढणाऱ्या रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर काढले जात असे. पिंपळनेर, नंदुरबार, शहादे व तळोदे हे भाग त्यासाठी प्रसिद्ध होते. तेथील तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे व पुढे तुर्कस्तानात जाई. या तेलाचा वास गुलाबासारखा असल्याने तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळण्याच्या कामी येई. खानदेशच्या डोंगरावरील गवत याप्रमाणे दूरदेशीच्या अत्तराच्या कुपीत जाऊन बसे.

या गवतापासून एक धडा घेण्याजोगा आहे. रोशा गवताचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार आहेत. दोन्ही दिसण्यात सारखेच. मोतियाच्या तेलास गुलाबी वास असतो व त्यात जेरॅनिऑल नावाचे द्रव्य विपुल असते, म्हणून त्यास भाव चांगला येतो. सोफियाचे तेल हलक्या प्रतीचे असते. दोन्ही गवते एकत्र कापून भट्टीत भरली तर सर्वच तेलाची प्रत उतरते. यास्तव लागवड करणाऱ्याने बियाणे कोठून आले व ते कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री केल्यावाचून एक वाफाही पेरू नये.

पाहून शिकण्याचे दोन प्रयोग

पहिला प्रयोग कागदाचा. पांढऱ्या टिपकागदावर एका बाजूस करडईच्या तेलाचा व दुसऱ्या बाजूस निलगिरीच्या तेलाचा थेंब टाकून कागद सावलीत ठेवावा. काही वेळाने निलगिरीचा थेंब उडून जातो. करडईचा तेलकट डाग मात्र राहतो. निलगिरीच्या जागीही तेलकट डाग राहिल्यास त्यात खाद्यतेलाची भेसळ असल्याचा संशय घ्यावा. वाळा व चंदन यांची तेले जड असल्याने फार सावकाश उडतात, म्हणून त्यांना ही कसोटी लावू नये.

दुसरा प्रयोग ऊर्ध्वपातनाचा. रुंद पातेल्यात थोडे पाणी व चिरलेला गवती चहा घालावा. मधोमध विटेच्या तुकड्यावर वाटी ठेवावी. पातेल्यावर झाकण उलटे ठेवून त्याच्या खोलगट भागात थंड पाणी भरावे व खाली मंद आच द्यावी. झाकणाच्या आतील बाजूस निवलेली वाफ थेंबाथेंबाने वाटीत पडते. वाटीतील पाणी सुवासिक असते व त्यावर तेलाचा पातळ तवंग दिसतो. 1 किलो पाल्यातून निघून निघून चमचाभर तेल निघावयाचे, आणि या साध्या रीतीने तेवढेही हाती लागत नाही. प्रयोगाचा हेतू तत्त्व समजण्यापुरताच आहे. प्रेशर कुकरला नळ्या जोडून असे प्रयोग करू नयेत. नळी तुंबल्यास स्फोटाचा धोका असतो.

घरगुती वापर

शुद्ध सुगंधी तेल अंगास थेट लावू नये. ते तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात मिसळूनच वापरावे. प्रौढ माणसासाठी शंभर भागांत दोन भाग हे प्रमाण पुरे होते, म्हणजे 50 मिलिलिटर खोबरेल तेलात सुमारे 20 थेंब. चेहऱ्यासाठी याच्या निम्मे प्रमाण घ्यावे. नवे तेल प्रथम मनगटाच्या वर आतील बाजूस किंचित लावून एक दिवस वाट पाहावी. आग, खाज किंवा लाली आल्यास ते तेल वापरू नये. अंगावर शुद्ध तेल सांडल्यास ते आधी खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसावे व मग साबणाने धुवावे. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ डोळा धुवून दवाखान्यात जावे.

लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते. गवती चहाच्या तेलाने डास काही वेळ दूर राहतात, परंतु त्याचा परिणाम लवकर ओसरतो. मच्छरदाणीची जागा ते घेऊ शकत नाही. लवंगेच्या तेलाने दाढेची कळ तात्पुरती थांबते. किडलेली दाढ त्याने बरी होत नाही.

ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल व कापूर हे तिन्ही घन पदार्थ समभाग एकत्र केले असता त्यांचे आपोआप पाणी होते. हेच मिश्रण अमृतधारा या नावाने घरोघरी परिचित आहे. मात्र तिन्ही द्रव्ये अत्यंत तीव्र आहेत, हे विसरता कामा नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लहान मुलांची. निलगिरीचे तेल थोडेसे पोटात गेले तरी मुलास गुंगी येऊ शकते. कापूर पोटात गेल्याने झटके येतात. तान्ह्या बालकाच्या नाकाशी कापूर, पुदिन्याचे फूल किंवा निलगिरी लावण्याची रीत बंद करावी, कारण त्याने श्वास अडखळण्याचा संभव असतो. गरोदर स्त्रिया आणि दमा अथवा फेफरे असलेले रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ही तेले वापरू नयेत. मुलाने तेल गिळल्यास त्यास ओकारी काढावयास लावू नये, कारण तेल फुप्फुसात शिरण्याचे भय असते. बाटली बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, थंड व अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे. बाटलीवर नाव लिहावे. ही तेले पेट घेणारी असल्याने चुलीजवळ ठेवू नयेत.

शेतात लावण्यापूर्वी

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो व अवर्षण हे तेथील शेतकऱ्याचे जुने दुखणे आहे. गवती चहा व रोशा ही गवते एकदा लावली म्हणजे काही वर्षे टिकतात, गुरे त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत आणि हलक्या जमिनीतही ती तग धरतात. रोशा त्यातल्या त्यात अधिक काटक आहे. यामुळे ही पिके कोरडवाहू शेतकऱ्यास मोहात पाडतात. तथापि तग धरणे निराळे आणि भरघोस पाला देणे निराळे. पाणी मिळाले तरच कापण्या वाढतात.

गवती चहाचे ठोंब पावसाळ्याच्या आरंभी लावतात व जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर उंची राखून कापणी करतात. रोशाचे तेल मुख्यतः फुलोऱ्यात असल्याने तो फुलोरा आल्यावर कापावा लागतो. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था 1959 साली स्थापन झाली. गवती चहाची ‘कृष्णा’ व रोशाच्या ‘तृष्णा’ आणि ‘तृप्ता’ या जाती तेथेच तयार झाल्या आहेत.

खरा प्रश्न भट्टीचा आहे. पाला दूरवर नेणे परवडत नाही, म्हणून भट्टी जवळच हवी. भट्टीस जळण लागते. तेल काढून उरलेले गवत वाळवून काही अंशी जळणास वापरता येते. याखेरीज वाफ निवविण्यास थंड पाण्याचा सतत पुरवठा लागतो. ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे निवविण्याचे पाणी हौदात साठवून फिरवून वापरण्याची सोय नसेल तर भट्टी बंद पडेल.

हिशेब पुढीलप्रमाणे मांडावा. समजा, 1 हेक्टरमधून एका कापणीस 10,000 किलो पाला मिळाला व तेलाचा उतारा शेकडा 0.4 पडला, तर 40 किलो तेल हाती येईल. त्या दिवशीच्या भावाने त्याची किंमत काढून त्यातून कापणी, वाहतूक, जळण, मजुरी व भट्टीचे भाडे वजा करावे. नंतर भाव निम्म्यावर आला असे धरून हाच हिशेब पुन्हा करावा, कारण सुगंधी तेलांचे भाव फार चढउतार खातात. दुसऱ्या हिशेबातही ज्वारी किंवा बाजरीहून अधिक शिल्लक उरत असेल, तरच पुढे पाऊल टाकावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्याने शेतकऱ्यास ठोंब देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. जवळ भट्टी आहे काय? तेल घेणारा व्यापारी कोण व तो कोणत्या कसोटीवर भाव ठरवितो? उन्हाळ्यात पाण्याची सोय काय? एकट्याऐवजी शेजारचे पाचदहा शेतकरी मिळून हे काम करावयास तयार आहेत काय? चारही उत्तरे समाधानकारक असल्यास प्रथम काही गुंठ्यांतच लागवड करावी आणि राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. उत्तरे मिळत नसल्यास बांधावर गवती चहाचे दहाबारा ठोंब लावावेत. बांधाची माती धरली जाईल, घरच्या चहास पात मिळेल, आणि कर्ज काढून भट्टी घालण्याच्या आधीच या पिकाचा स्वभाव कळून येईल.