गाळांतील कर्ब व लोहमाक्षिक

पर्वती चढा कीं चतुःशृंगी चढा, पायाखालीं लागतो तो ज्वालामुखीच्या रसाचा काळा फत्तर. प्राचीन पाण्याचा वृत्तांत त्यांतून फारसा निघावयाचा नाहीं. त्यासाठीं गाळाचे खडक पाहिजेत. म्हणून विद्यार्थ्यांनीं आमच्याबरोबर घाट उतरून रत्नागिरीस यावें.

तेथें वर तांबडा जांभा आहे. परंतु विहिरी खणतांना त्याखालीं निळसर चिकणमाती व कोवळ्या कोळशाचे पातळ थर लागतात. विल्किन्सन या भूशास्त्रज्ञानें १८७१ सालीं या प्रांताचें वर्णन प्रसिद्ध केलें. हे थर मायोसीन युगाचे, म्हणजे सुमारें २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वींचे, मानले जातात. पानांलाकडांच्या या कोळशांत लोहमाक्षिकाचे गोळेही सांपडतात. सोन्यासारखें चकाकणारें हें खनिज म्हणजे लोखंड व गंधक यांचा संयोग होय.

पान उघड्यावर कुजलें कीं त्याचा कर्ब हवेंत जातो. येथें तो काळा होऊन राहिला, त्या अर्थीं त्या गाळांत प्राणवायु पोंचत नव्हता. पण पाणी गोडें होतें कीं खारें, हें एकटा कर्ब सांगत नाहीं. तेथें माक्षिकाची साक्ष हवी. प्राणवायूवांचून जगणारे कांहीं सूक्ष्म जंतु समुद्रजलांतील सल्फेटाच्या आधारें कुजणाऱ्या पानांवर उपजीविका करितात. त्यांतून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायु निघतो. खाडीच्या चिखलांत पाय रुतला कीं येणारा वास तोच! त्या वायूचा चिखलांतील लोखंडाशीं संयोग होऊन अखेर माक्षिक बनतें. गोड्या पाण्यांत सल्फेट अल्प, म्हणून माक्षिकही अल्प. बर्नर व रेझवेल यांनीं १९८४ सालीं हाच भेद मोजून दाखविला: आजच्या सामान्य समुद्री गाळांत गंधकाच्या एका भागास कर्बाचे सुमारें २.८ भाग, गोड्या तळ्यांत बहुधा १० हून अधिक.

मग रत्नागिरीचा गाळ खाऱ्या पाण्याचा ठरला काय? केवळ गोळे पाहून निकाल देणें उतावळेपणाचें होईल. गंधकयुक्त पाणी मागाहूनही झिरपूं शकतें. माक्षिकांत लाकडाच्या तंतूंचा आकार शाबूत असेल, तर मात्र तें लाकूड चेपण्यापूर्वींच तेथें बसलें असें म्हणतां येईल. शिवाय १९८० सालीं कुलकर्णी व फडतरे यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील याच कोळशाच्या थरांतून नीपा ताडाच्या पानाची त्वचा ओळखली. आणि हें झाड वाढतें भरतीओहोटीच्या चिखलांत. ही साक्ष आम्हांस अधिक वजनदार वाटते.

विहिरीचाच हट्ट कां, असें कोणी विचारील. माक्षिक हवापाण्यांत टिकत नाहीं. त्याचें आम्ल व तांबडा गंज होतो. म्हणून रस्त्याकडेच्या तांबड्या दरडींत तें मिळालें नाहीं, तर 'येथें खारें पाणी नव्हतें' असें वहींत लिहूं नये. नमुना खोलांतून, निळ्या मातीसह ताजा काढावा, आणि वाळवून लगेच बाटलींत बंद करावा.