गरोदरपणातील वाढता रक्तदाब

सातवा लागला, ओटी भरली, की पहिलटकरीण माहेरी येते. रीत चांगली आहे. अडचण एवढीच की, रक्तदाब वाढण्याचा धोका नेमका याच शेवटच्या तीन महिन्यांत जास्त असतो आणि तपासणीचे कागद पुष्कळदा सासरच्या कपाटात राहतात. आधीचा रक्तदाब किती होता हेच कळले नाही, तर आजचा किती वाढला हे माहेरच्या डॉक्टरने कसे ठरवावे?

गरोदरपणी रक्तदाब पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. पाच महिन्यांनंतर असा रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर त्या विकारास प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. याचे मूळ वारेत असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातील रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. मग वारेतून आईच्या रक्तात असे पदार्थ उतरतात की, तिच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांना इजा होते. मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांपैकी काहीही सुटत नाही. बाळाचे पोषण तुटते, त्याची वाढ खुंटते. कधी वार वेळेआधीच सुटते आणि बाळ पोटातच दगावते.

'दिवसांत पाय सुजायचेच,' असे घरातील वडीलधाऱ्या बायका सांगतात. संध्याकाळी घोट्याशी येणाऱ्या सुजेपुरते ते खरेही आहे. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसला, बांगड्या घट्ट झाल्या, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. पुष्कळ जणींना तर काहीच जाणवत नाही, म्हणूनच दर तपासणीत रक्तदाब आणि लघवी दोन्ही पाहायची असतात. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, उजव्या बरगडीखाली दुखणे ही मात्र धोक्याची खूण. हे शेवटचे दुखणे पित्ताचे समजून गोळी घेऊन झोपू नये. रात्र न काढता रुग्णालय गाठावे.

यापुढची पायरी म्हणजे झटके. झटका आल्यास तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये, १०८ ला फोन करावा. झटके थांबवणारे औषध आहे मॅग्नेशियम सल्फेट, आणि ते स्वस्त आहे. ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या पाहणीत (२००२) या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले.

मीठ तोडून हा रक्तदाब उतरत नाही. लॅबेटालॉल, निफेडिपिन यांसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहताच डॉक्टरांना दाखवावे; एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्या गर्भाला घातक असल्याने बदलाव्या लागतात. मागच्या खेपेस हा त्रास झालेल्यांना किंवा मधुमेह असलेल्यांना तिसरा महिना संपताना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्याही कामी येतात. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नयेत.

खरा इलाज प्रसूती हाच. डॉक्टर दिवस भरण्याआधी बाळंतपण करू म्हणाले, तर त्यामागे हे कारण असते. तरीही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत झटके येऊ शकतात. बाळंतिणीचे डोके दुखू लागले, तर ते जागरणावर घालू नये, रक्तदाब मोजावा.