खडकात कोंडलेला वायू



गेल्या रविवारी मिस्सानंतर युवकांच्या अभ्यासवर्गात एकाने विचारले, "फादर, कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडता येतो म्हणे. मग डोंबिवलीचा वास जाईल का?"

वास जाणार नाही. २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला तो रसायनांमुळे. या वायूला रंग नाही, वासही नाही. म्हणूनच आपण त्याची कधी तक्रार करीत नाही. पण कोळसा, डिझेल जाळले की तो निघतो आणि शेकडो वर्षे हवेत राहून पृथ्वी तापवतो.

गाडण्याची गोष्ट मात्र खरी आहे. नॉर्वेने १९९६ साली समुद्रतळाखालच्या वाळूखडकात हा वायू सोडण्यास सुरुवात केली. आपल्या पायाखाली आहे काळा दगड, म्हणजे बसाल्ट. पारसिकचा डोंगर काय, मलंगगड काय, सारा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले तेव्हा या दगडाचा थर सव्वा किलोमीटर जाड निघाला.

आइसलंडमध्ये २०१२ साली अशाच दगडात पाण्यात विरघळवलेला वायू सोडला. दगडातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन त्याचाच दगड बनला. शेकडो वर्षे लागतील असा अंदाज होता. दोन वर्षांच्या आतच ९५ टक्क्यांहून अधिक वायू दगड झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या खदाणींत काम केलेल्यांनी दगडाच्या पोकळीतले पांढरे स्फटिक पाहिले असतील. त्यांतले काही कॅल्साइटचे असतात. म्हणजे निसर्गाने हे काम आपल्याकडे केव्हाच करून ठेवले आहे!

मग धोका कोणता? हा वायू हवेपेक्षा जड, सखल भागात साचतो. २१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून तो नैसर्गिकरीत्या उसळला आणि सुमारे १,७०० माणसे गुदमरून मेली. दगड झालेला वायू असा उसळत नाही. परंतु तोपर्यंत भेगा आणि जुन्या बोअरवेल सांभाळाव्या लागतात. जमिनीत जादा दाब दिल्यास धक्केही बसू शकतात, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांना आठवतो.

आम्हाला अधिक सतावते ते पाणी. आइसलंडच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. शहापूर तालुक्यात धरणे असूनही उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर जातो. समुद्राच्या पाण्यावर प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे विचार झालाच तर तिथूनच व्हावा असे आमचे मत.

मुंबईच्या आयआयटीत २०२२ पासून कार्बन पकडण्यावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या 'लौदाते देउम' या पत्रात अशा तंत्रांना आशादायक म्हटले, पण केवळ त्यांवर विसंबणे म्हणजे भेगांवर कागद चिकटवणे, असेही बजावले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'करता येते' आणि 'करावे' यांत गल्लत करू नका असे आम्हाला बजावले जाई, त्याची आठवण झाली.

येत्या रविवारी वर्ग पुन्हा भरेल. घरी खदाणीतला पांढरा स्फटिक असल्यास आणावा. खरवडून त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकू. फेस आला तर तो कॅल्साइट, आणि ते बुडबुडे याच वायूचे.