गणपतीआधी खिडक्या रंगवू नका

कोकणात घराला रंग लावायचा तो गणपतीआधी, ही जुनी रीत. भिंतींचं एक वेळ निभावतं, लाकडी खिडक्यांचं निभावत नाही. आमच्या सागवानी खिडक्या रंगाऱ्याने ऐन श्रावणात रंगवून दिल्या. आरतीला आलेल्यांनी कौतुक केलं. थंडी पडेपर्यंत चौकटींवर फोड आले होते. एक फोड नखाने उचकला तर आतून पाणी आणि काळी बुरशी. खालच्या सांध्यात तर सुरीचं टोक सहज आत गेलं.

पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगलेलं असतं. त्यावर ऑइल पेंट चढवला की ती ओल आतच कोंडते. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकली की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. डिसेंबर ते मार्च उत्तम. सणापुरत्या खिडक्या नुसत्या पुसल्या तरी छान दिसतात.

जुना रंग खरवडण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही सक्तीची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका, ज्योतीने जाळू तर मुळीच नका. पाणी फवारून पत्र्याने खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, चांगला मास्क लावा. मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत घरात ठेवू नका. पोपडे अंगणात झाडून टाकायचे नाहीत, पिशवीत बांधायचे.

ओलं केलेलं लाकूड पुन्हा खडखडीत वाळू द्या. मऊ पडलेला भाग घट्ट लाकूड लागेपर्यंत कोरून काढा. कुजक्या लाकडावर लांबी भरणं म्हणजे कीड तशीच ठेवून दात बुजवणं. काचेभोवतीचं लुकण तडकलं असेल तर तेही नवं भरा. मग प्रायमर, आणि रंगाचे दोन पातळ हात. पहिला हात पूर्ण वाळला की बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून दुसरा. रंग काचेवर एक-दोन मिलिमीटर चढू द्या, काच आणि लुकणाच्या सांध्यातूनच पाणी आत शिरतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते झडपेच्या खालच्या कडेकडे. ती कुणाला दिसत नाही म्हणून कोरीच राहते, आणि तिथे लाकडाचे उघडे तंतू पाणी वर ओढून घेतात. तिला प्रायमर आणि रंग दोन्ही लागलेच पाहिजेत. रंगाऱ्याचा हिशेब चुकता करण्याआधी झडप उघडा, खाली आरसा धरा आणि ती कड स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.