ब्युरेटपाशी लागलेली गोडी

१. आवड आधी असावीच लागते असं नाही. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली ती मार्क बरे होते म्हणून. गोडी लागली प्रॅक्टिकलला, तीही हळूहळू.

२. परमँगनेटचं टायट्रेशन घाईघाईत उरकू नका. शंकूपात्रात ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलेलं. ब्युरेटमधून परमँगनेटचा पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. वाटतं, झालं, एवढ्यातच एंड पॉइंट! हलवत राहिलं की तो रंग सावकाश जातो. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी नाहीसे होतात. असं का, हे मी सरांना विचारलं. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक होतात, म्हणून सुरुवात संथ आणि नंतर धावपळ. वेगळा इंडिकेटर लागत नाही, शेवटी टिकलेला फिकट गुलाबी रंगच सांगतो. जर्नलमध्ये यातलं काहीच लिहावं लागत नाही. तिथे फक्त रीडिंग. माझ्यापुरता विषय त्या दुपारी सुरू झाला.

३. सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, जुळवू नये, जुळू द्यावा. तिन्ही रीडिंग शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी असलेली जर्नल्स मी पुष्कळ पाहिली आहेत. इतक्या नेमक्या हाताची माणसं एकाच बॅचमध्ये एवढी कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

४. ‘एवढं पाठ कसं होतं?’ असं लोक विचारतात. कारण कळलं की पाठांतर निम्मं होतं. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये तांबं दुसऱ्या गटात आणि जस्त चौथ्या गटात का? आम्लात हायड्रोजन सल्फाइड सोडला तर सल्फाइड आयन फार थोडे मिळतात. तेवढ्यातही तांब्याचा साका बसतो, कारण त्याचं सल्फाइड अगदीच कमी विरघळतं. जस्ताला जास्त सल्फाइड लागतो. तो अमोनियाच्या माध्यमात मिळतो. एवढं समजल्यावर गटांचा तक्ता रटावा लागला नाही.

५. घरच्यांना विचारत जा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, हे पुस्तकात सापडतं. पण डाग उन्हात उडतो, हे मला आईनं सांगितलं. कर्क्युमिन प्रकाशात विघटन पावतं हे मी नंतर वाचलं. आईचं ज्ञान त्याआधीचं, आणि खात्रीचं.

६. कमला सोहोनी माहीत असू द्या. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. आम्हाला हे नाव वर्गात कुणी सांगितलं नाही.

७. आणि एक विनंती नातेवाइकांना. केमिस्ट्री घेतलेल्या प्रत्येकीला ‘मेडिकलला नंबर लागला नाही का?’ असं विचारू नका. सध्या ती काय करते आहे, ते विचारा. तासभर मोकळा ठेवून विचारा.