चार स्वयंपाकी आणि एक ओटा



दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या संगणक कक्षातील एका प्रसंगाची बरीच चर्चा झाली. नववीच्या मुलांनी रास्पबेरी पाय ३ या एटीएम कार्डाएवढ्या संगणकावर ‘ओपनसीव्ही’ हे छायाचित्रांतील वस्तू ओळखायला मदत करणारे सॉफ्टवेअर मूळ फाइलींपासून तयार करायला घेतले. तीन वेळा काम अर्ध्याहून पुढे जाऊन थांबले. बोर्ड खराब निघाला, पैसे वाया गेले, असे बैठकीतही कोणी म्हणाले. बोर्ड ठीक होता. काय घडले ते सांगतो.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्याला कंपाइलर म्हणतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, आम्ही त्याला ‘संकलक’ म्हणत असू. तो एकेक फाइल घेतो आणि तिच्यासाठी रॅममध्ये जागा अडवतो. एखाद्या मोठ्या फाइलीला काहीशे एमबी सहज लागतात. २०१६ साली आलेल्या या बोर्डात चार कोअर आहेत, पण रॅम १ जीबीच. मुलांनी ‘मेक’ला एकदम चार कामे सांगितली. म्हणजे स्वयंपाकी चार आणि ओटा एकाचाच! जड फाइली एकाच वेळी आल्या की ओटा भरतो. मग लिनक्स सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्यांपैकी एकाला बाहेर काढतो, म्हणजे बाकीचे घर चालू राहते. पडद्यावर ‘किल्ड’ असा शब्द उमटतो. मुले आपल्या प्रोग्रामात चूक शोधत बसली, चूक तिथे नव्हतीच.

रॅम भरली की सामान ठेवायला मेमरी कार्डावर ‘स्वॅप’ नावाची जागा असते. आमच्या कार्डावर ती फक्त १०० एमबी होती. ती २ जीबी केली, पण कार्डावर नाही. कार्ड हळू असते आणि सतत लिहिण्याने झिजते. म्हणून स्वतःचा वीजपुरवठा असलेली एक जुनी हार्ड डिस्क जोडली. तरी खरा उपाय चारऐवजी दोनच कामे चालवणे हा ठरला. स्वॅपवर फार भिस्त ठेवली तर काम मरत नाही, पण रांगत राहते.

आणखी एक दोष होता, मोबाइलचा चार्जर. या बोर्डाला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा हवा. व्होल्टेज उतरले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसते. ते दिसत होते, कोणी विचारले नाही, मीही नाही. शिवाय चिप ८० अंश सेल्सिअसला पोचली की स्वतःचा वेग कमी करते. त्यासाठी छोटा पंखा बसवला.

मला सर्वांत वाईट वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. दर वेळी मुलांनी सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात केली होती! ‘मेक’ फाइलींच्या वेळा पाहून झालेले काम सोडून देतो, उरलेलेच करतो. तीच आज्ञा पुन्हा दिली असती तर काही तास वाचले असते. हां, मध्येच वीज गेली तर एखादी फाइल अर्धवट किंवा शून्य आकाराची राहू शकते. तेवढी शोधून काढावी.

चौथ्या खेपेला संध्याकाळी काम लावले. सकाळी प्रार्थनेआधी मुले कक्षात धावली, तेव्हा ते पूर्ण झाले होते.

विश्वस्तांनी विचारले, जास्त रॅमचा बोर्ड घ्यायचा का? तूर्त नको. मोठ्या संगणकावर या बोर्डाच्या एआरएम प्रोसेसरसाठी कंपाइल करून तयार फाइली इकडे आणता येतात, त्याला क्रॉस-कंपाइलिंग म्हणतात. कार्यालयातला संगणक शनिवारी दुपारी रिकामाच असतो. आणि नुसते वापरायचेच असेल तर ओपनसीव्ही तयार पॅकेज म्हणूनही मिळते, हे मुलांना मी मुद्दामच उशिरा सांगितले.