सुट्टी मुलांची, काम घरचं

आई-बाबांनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की पालकांच्या गप्पांत एकच प्रश्न फिरू लागतो. "सुट्टीत कुठे घातलंय?" कुणी पोहायला घातलेलं असतं, कुणी बुद्धिबळाला, कुणी अबॅकसला आणि कुणी 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाच्या कशाला तरी. शिबिरांशी माझं भांडण नाही. दोघंही नोकरीला जात असतील आणि घरी आजी-आजोबा नसतील, तर मुलांनी दिवसभर राहायचं कुठे हा खरा प्रश्न आहे, आणि शिबिर हे त्याचं एक उत्तर आहे. त्यासाठी कुणी स्वतःला दोष देऊ नये. पण शिबिर दहा-पंधरा दिवसांत आटोपतं. शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. मधले दिवस उरतातच. ते मोबाइलच्या हवाली करायचे की घराच्या, एवढ्यापुरतंच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आपल्या लहानपणच्या सुट्टीचं वर्णन आपण मुलांना फार रंगवून सांगतो. मामाचं गाव, आमराई, विहिरीतल्या उड्या, गच्चीवर ओळीनं घातलेल्या गाद्या. सगळं खरं आहे. फक्त त्या गोष्टीत स्वयंपाकघर कधी येत नाही. पंधरा माणसांच्या दोन वेळच्या पंगती, त्यावर वर्षाची वाळवणं, लोणची, मसाले, गहू निवडून-वाळवून कोठीत भरणं हे सगळं आजी आणि माम्या करत होत्या. उन्हं चढायच्या आत चीक घाटून व्हावा म्हणून त्या पहाटे उठायच्या. आपली सुट्टी त्यांच्या पाठी-कमरेवर उभी होती, आणि आईला माहेरी आल्यावर विसावा मिळायचा तोही बऱ्याचदा नावापुरताच. म्हणून ती सुट्टी जशीच्या तशी परत आणावी असं मला वाटत नाही. त्यातलं काम घ्यावं, आणि ते एकटीच्या अंगावर न टाकता घरभर वाटावं. मुलांनाही त्यात वाटा द्यावा, आणि तो खरा असावा. ज्याच्यावाचून घराचं काही अडत नाही असं लुटुपुटीचं काम मुलांना बरोबर कळतं, आणि दुसऱ्या दिवशी ती तिकडे फिरकत नाहीत.

कुरडयांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग ते वाटायचे, पिळून-गाळून चीक काढायचा आणि पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी झाकण काढायचा मान मुलाला द्या. रात्री एकजीव दिसणारं ते पांढरं पाणी आता वेगळं झालेलं असतं. वर निवळ, तळाला घट्ट थर. गव्हातलं पिष्ट पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याहून जड असतं, म्हणून खाली बसतं. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं, आणि वरचं पाणी खालचा थर न ढवळता ओतून टाकायची जबाबदारी आपल्यावर असणं वेगळं. पुढे चिकाच्या मापानं पाणी उकळायचं, मीठ-हिंग घालायचं, एकानं चीक ओतायचा, दुसऱ्यानं गुठळी होऊ न देता घाटायचं. इथे गॅसपाशी मोठं माणूसच हवं. उकळता चीक हातावर उडाला तर चांगलाच भाजतो. पण वाटीनं मापून देणं, सोऱ्यात भरणं, कागदावर गोल चवंग घालणं ही कामं आठ-दहा वर्षांच्या मुलांना जमतात. आणि सोऱ्यात भरायच्या आधी वाटीत काढलेला गरम चीक, वर तूप, हे त्यांचं हक्काचं मानधन. पापड लाटताना लाट्या तेलात बुडवून खायला मिळतात त्याच न्यायानं.

एवढा घाट फ्लॅटमध्ये कुठे घालायचा, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. मग साबुदाण्याच्या पापड्या करा. वाटीभर साबुदाणा रात्री भिजवायचा, सकाळी चार-पाच वाट्या पाण्यात मीठ-जिरं घालून दाणे पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, आणि कोमट झाला की चमच्यानं प्लॅस्टिकच्या कागदावर घालत जायचं. खिडकीत किंवा बाल्कनीत दोन-तीन दिवस चांगलं ऊन लागलं की झालं. पाच वर्षांच्या मुलालाही हे येतं. कावळे-चिमण्यांना हाकलायला काठी घेऊन बसायचं काम तर त्यालाच द्यावं, फक्त उन्हात नव्हे, सावलीत बसवून.

पापड्या वेड्यावाकड्या होतील. एक पातळ, एक जाड, एक दुसरीला चिकटलेली. होऊ द्या. मूल तिकडे गेल्यावर मागून नीट करू नका. आपण घातलेली पापडी आईनं उचलून परत घातली हे मुलाच्या एका नजरेत येतं, आणि "तूच कर मग" हे वाक्य तिथेच जन्माला येतं. तळल्यावर सगळ्या सारख्याच फुलतात.

कामाचे पैसे द्यावेत का, असं पुष्कळजण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : ज्या घरात आपण जेवतो-झोपतो, तिथल्या रोजच्या कामाला मजुरी नसावी. आईला कोण देतं? हातखर्च द्यायचा तर तो वेगळा द्यावा, कामाशी बांधू नये. आणि दुसरं, मूल पहिल्यांदा काही करत असेल तेव्हा फोन लगेच बाहेर काढू नका. फोटोसाठी काम थांबलं की काम संपलं.

मुलगा असेल तर हे सगळं दुपटीनं लागू. वाळवणं मुलीनं आणि क्रिकेट मुलानं ही वाटणी आपल्या पिढीत संपली असं आपण समजतो, पण मे महिन्यातल्या घरात डोकावलं की ती अजून दिसते. बाबांनो, तुम्ही सोऱ्या फिरवायला बसलात तर कुणी सांगायच्या आधी मुलगा शेजारी येऊन बसेल. नाहीतर आमचं सगळं बोलणं वाया.

घरातलं काम म्हणजे फक्त खाणं-पिणं असंही नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे महिनाभर विजेचा मीटर सोपवून पाहा. रोज रात्री एका ठरावीक वेळी आकडा लिहायचा, कालचा वजा करायचा. हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं, एवढं सांगितलं की बास. मग ७५ वॉटचा जुना पंखा तेरा तासांनी एक युनिट खातो, ९ वॉटचा एलईडी दिवा त्याच युनिटात शंभर तासांहून जास्त जळतो, आणि एसी लावलेल्या रात्रीचा आकडा एकदम उडी का मारतो, हे तो स्वतःच शोधून काढतो. हिशोब त्यानं मांडला की "पंखा बंद कर" असं ओरडायची तुमची पाळी संपते. तोच तुमच्यावर ओरडू लागतो. तयारी ठेवा.

तसंच माठाचं. नवा माठ आणला की तो आधी भिजवून ठेवण्यापासून भोवती ओलं फडकं गुंडाळण्यापर्यंत सगळं मुलांकडे द्यावं. माठातून पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत ते छान गार होतं, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तितकं होत नाही. कूलरचंही हेच, विदर्भात वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर घर थंड करतो आणि मुंबईत तोच नुसता घामेजून टाकतो. दोन गावांतल्या मावसभावंडांनी फोनवर आपापल्या माठाचं तापमान एकमेकांना कळवावं. थर्मामीटर तापाचा नको, स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा घ्या.

साधनं विकत आणायची गरज फारशी पडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, पानं, बिया हेच साहित्य केलं. आपल्या घरी मे महिन्यात आंब्याच्या कोयी, फणसाच्या आठळ्या, जांभळाच्या बिया फुकट पडलेल्या असतात. यांना वाळवून ठेवायचं नसतं, ताज्याच लावायच्या. वाळल्या की रुजायची ताकद लवकर जाते. जुन्या डब्याला खाली भोकं पाडून माती भरली की काम झालं. कोयीला कोंब यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढी वाट पाहायला शिकवणारं दुसरं काही सध्या तरी मला दिसत नाही. हापूसच्या कोयीतून आलेलं झाड हापूसच देईल असं मात्र मुलाला सांगू नका. बी दोन झाडांच्या संकरातून येतं, म्हणूनच बागायतदार कलमं बांधतात. रोप सोसायटीच्या कोपऱ्यात लावायचं की गावाला न्यायचं, ते मुलानं ठरवावं.

आता सणांबद्दल. उन्हाळा आपल्याकडे छोट्या सणांचा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू, वाटली डाळ, पन्हं. खानदेशात आखाजीचे झोके आणि खापरावरची पुरणपोळी. यांत मुलांना पाहुण्यांसारखं बसवू नका. उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी असेल तर गूळ किंवा साखर साधारण दोन वाट्या, चिमूटभर मीठ, वेलदोडा, एवढं माप दिलं की पन्ह्याची जबाबदारी दहा वर्षांचं मूल घेऊ शकतं. कैरी आंबट निघाली तर माप बदलतं, तेही त्यानंच चाखून ठरवावं.

पण काही सण पंचांगात नाहीत, आणि ते मुलांना जास्त आवडतात. एक म्हणजे शून्य सावलीचा दिवस. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या एकेका गावावरून उत्तरेकडे सरकतो आणि त्या त्या दिवशी मध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. सावंतवाडीला ३ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. पुण्या-मुंबईत दुपारी साडेबाराच्या सुमारास, नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे, उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली लपते. टोपी घाला, सूर्याकडे पाहू नका, पाच मिनिटं बघा आणि घरात या. मग कलिंगड कापा. सूर्य परत दक्षिणेकडे येतो तेव्हा जुलैच्या आसपास हा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. दिल्लीतल्या आतेभावाला फोन करून चिडवायलाही हरकत नाही; कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे हा दिवस कधीच येत नाही.

दुसरा सण १ जूनचा. आपल्याकडच्या किती आजी-आजोबांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते पाहा. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, आणि हात पोचला की १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या दिवशी आजोबांचा हा कागदी वाढदिवस करा. शिरा पुरे. नातवंडांनी त्यांना शाळेत कसं घातलं, फी किती होती, पाटीला काय पडायचं, हे विचारून वहीत उतरवून घ्यावं. नीट उतरलेली अशी दोन पानं घरात असलेली बरी, कारण आपल्यापैकी कितीजणांना आपल्या आजोबांच्या शाळेचं नाव सांगता येईल?

मे महिन्यात जन्मलेल्या मुलांकडेही जरा लक्ष द्या. वर्गात चॉकलेटं वाटायचं सुख त्यांच्या वाट्याला येत नाही. मित्र गावाला गेलेले असतात. अशा मुलाला सभागृह आणि जादूगार नको असतो. उरलेल्या चार पोरांना जमवून पलंगपोसाचा पडदा लावलेलं नाटक आणि हातानं लिहिलेली तिकिटं चालतात. तिकिटाचे पैसे मात्र प्रामाणिकपणे द्या. आणि १ मे रोजी झेंडावंदन आटोपून मूल निकाल घेऊन घरी येईल, तेव्हा टक्के काहीही असोत, त्या दिवशी आमरस करा. टक्क्यांवर बोलायला अख्खा मे महिना आहे.

एवढं करूनही मुलं दुपारी "बोअर होतंय" म्हणणार. म्हणू द्या. दर वेळी उठून काहीतरी सुचवायची गरज नाही. तुम्ही जरा पडा. कंटाळलेली मुलं थोड्या वेळानं माळा उपसायला लागतात, जुने अल्बम काढतात, भांडतात, पत्ते काढतात. त्या दोन तासांत घरात पसारा होईल, तो आवरायचं काम मात्र त्यांचंच.

सगळं एकाच सुट्टीत करायला जाऊ नका, नाहीतर घराचंच शिबिर होईल आणि त्याच्या वेळापत्रकाखाली तुम्हीच दबाल. एक वाळवण, एक रोजचं काम आणि एखादा सण एवढं बास आहे. काय करायचं ते मुलांना निवडू द्या. येत्या रविवारी पापड्यांपासून सुरुवात करणार असाल तर शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी साबुदाणा भिजवायचं विसरू नका. आठवण करून द्यायचं काम तेवढं धाकट्याकडे सोपवा.